गावातलं मेडिकल टिकवायचं तर आमदाराले नेमकं काय मागाचं

चार-पाच वर्षांआधी मी आमच्या आमदारसाहेबांना एक निवेदन दिलं होतं. चौदा मागण्या होत्या त्यात. ऑनलाइन औषधं बंद करा, मार्जिन वाढवा, जीएसटी काढा, लायसन्सची कटकट कमी करा, जे जे डोक्यात आलं ते सगळं टाकलं. फोटो निघाला, चहा झाला, पीएनं कागद घेतला अन् विषय तिथंच मेला. पुढं त्याच पीएशी ओळख झाली तेव्हा तो हसत म्हणाला, "भाऊ, तुमच्या चौदातल्या अकरा मागण्या दिल्लीच्या होत्या, साहेब त्यात काय करन?" मले तेव्हा राग आला, पण घरी येऊन बसलो अन् एकेक मागणी तपासली तर बुवा बरोबरच बोलला होता. त्यानंतर धक्के खात जे शिकलो ते इथं लिहून ठेवतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझं मेडिकल आहे, मी स्वतः डी. फार्म., पण हे फक्त मेडिकलवाल्यांसाठी नाही, ज्यांच्या घरात शुगर-बीपीची गोळी रोज लागते त्यांनीही वाचा, कारण खरी ताकद त्यांच्याकडंच आहे.

पहिले दार ओळखा. आपल्याकडं कोणतंही काम निघालं की माणूस आधी विचारतो, हे तलाठ्याकडचं का तहसीलदाराकडचं. कायद्याचंही तसंच. औषध हा विषय समवर्ती यादीत आहे, म्हणजे केंद्र अन् राज्य दोघंही कायदा करू शकतात, पण राज्याचा कायदा केंद्राच्या आडवा गेला तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते, ती नाही भेटली तर पास झालेलं बिलही कपाटात जाते. बायांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं आपलं शक्ती विधेयक आठवा, डिसेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांत पास झालं अन् पुढं त्याच मंजुरीत अडकलं. औषधाच्या बाबतीत तर केंद्राचे कायदे आधीपासून ठाण मांडून बसले आहेत, १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, त्याचे १९४५ चे नियम, १९४८ चा फार्मसी कायदा. दुकान कमीत कमी १० चौरस मीटर पायजे, चिठ्ठीचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या देखरेखीतच द्यायचं, एच-१ यादीतल्या, म्हणजे जास्त जपून विकायच्या औषधांचं वेगळं रजिस्टर ३ वर्षं जपायचं, हे सगळं तिथून येते. हजाराच्या आतल्या वस्तीत किराणा दुकानात तापाची साधी गोळी विकता येते, ती सूटही त्याच नियमांतली. मार्जिनचं म्हणाल तर २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात शेड्यूल्ड, म्हणजे सरकारनं किंमत बांधलेल्या औषधांवर रिटेलरला १६ टक्के धरले आहेत, आमदार कितीही भला माणूस असला तरी ते १८ करू शकत नाही. ऑनलाइन फार्मसीच्या नियमांचा मसुदा केंद्रानं ऑगस्ट २०१८ मध्ये काढला अन् वर्षानुवर्षं ते घोंगडं भिजत पडलं. जीएसटी किती ते जीएसटी काउन्सिलमध्ये ठरते, २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा कर १२ चा ५ टक्के झाला तोही तिथंच ठरला. या सगळ्यात मुंबईचं सभागृह फार तर केंद्राला शिफारस करणारा ठराव करू शकते. तो करायला काही हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर बसू नका. या गोष्टी खासदारासाठी वेगळ्या कागदावर काढून ठेवा.

मग राज्याच्या हातात उरलं काय? लय उरलं. सार्वजनिक आरोग्य अन् सरकारी दवाखाने हा राज्याचा स्वतःचा विषय आहे. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध किती, कुठून अन् कधी येणार, बाहेरून घ्या लागलं तर पैसे कोण देणार, एफडीएत, म्हणजे अन्न व औषध प्रशासनात ड्रग इन्स्पेक्टरच्या किती जागा भरणार, नागपूरच्या लॅबमध्ये नमुने तपासायला माणसं आहेत का नाही, हे राज्य ठरवते. अन् राज्य यावर कायदा करते बरं का, २०२३ मध्ये औषध खरेदीसाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा विधिमंडळानंच केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. मोफत झाले हे खरं, पण कपाटात गोळी नसली तर डॉक्टर बाहेरची चिठ्ठी लिहून देतात अन् ती चिठ्ठी येते माझ्या काउंटरवर.

आमच्याकडं एक आजी येते, शुगरची पेशंट. एकदा चिठ्ठी हातात धरून म्हणाली, "बापू, दवाखान्यात म्हनते संपली, तुयाकडं म्हनते पैसे लागन, मी जाऊ कुठं सांग." मी उधार दिलं, कापूस निघाला की देतो म्हणणारे माझ्या वहीत पुष्कळ आहेत, त्यात एक अजून. पण मले मागून घाऊक माल देणारा एकवीस दिवसांच्या वर थांबत नाही, अन् लाईट गेली की इन्सुलिनच्या फ्रिजचा जीव खालीवर होते तो वेगळाच. अशा तीसेक उधाऱ्या थकल्या की गावातलं मेडिकल बंद पडते अन् मग आजीले बीपीच्या गोळीसाठीही एसटीनं तालुक्याला जा लागते. मेडिकलचं दुखणं अन् पेशंटचं दुखणं एकच आहे, हे आमदाराला दाखवता आलं तर निम्मं काम झालं समजा. मेडिकलवाले मतदारसंघात किती, शे-दोनशे. चिठ्ठी घेऊन फिरणारे किती ते तुम्हीच मोजा.

म्हणून आम्ही चौदाची एकच मागणी केली: सरकारी दवाखान्यात औषध शिल्लक नसलं तर तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर पेशंटला गावातल्या लायसन्सवाल्या मेडिकलमधून ते मोफत भेटावं, अन् मेडिकलला ठरलेल्या दिवसांत सरकारनं पैसे द्यावे, उशीर झाला तर व्याजासकट. मुदत अन् व्याजाचा हा शेवटचा भाग सोडू नका. मी एका सरकारी कार्यालयाला माल देऊन बसलो होतो, बिलासाठी दीड वर्ष चपला झिजवल्या, त्यामुळं मुदत अन् व्याज कायद्यात लिहिलेलं नसलं तर असल्या योजनेत पाय टाकणारा मेडिकलवाला आंधळाच म्हणायचा. तुमच्या भागात मागणी वेगळी असू शकते, गडचिरोली-गोंदियाकडं सिकलसेलच्या गोळ्या असतील, मेळघाटात आणखी काही, पण एकच ठेवा.

कोणी म्हणेल असं कुठं होते का. होते की. तामिळनाडू सरकारनं २४ फेब्रुवारी २०२५ ला मुधलवर मरुंधगम नावाची १००० मेडिकल एका दिवशी उघडली, डी. फार्म., बी. फार्म. झालेल्या पोरांना अन् सहकारी संस्थांना अनुदान देऊन. ती योजना आहे, कायदा नाही, पण राज्याला करायचं असलं तर करता येते हे त्यातून दिसते. कायद्याचं उदाहरण पायजे तर ते दूरचं आहे, अमेरिकेतलं. तिथं विमा कंपनी अन् मेडिकल यांच्यामध्ये पीबीएम नावाचा एक गडी बसते, आपल्या बाजार समितीतला अडत्या समजा, भाव तोच पाडते अन् काही वेळा तर मेडिकलच्या खरेदीच्याही खाली पाडते. अर्कान्सा नावाच्या राज्यानं २०१५ मध्ये ९०० नंबरचा कायदा केला की खरेदीच्या भावापेक्षा कमी द्यायचं नाही अन् दिलं तर मेडिकलला दाद मागता आली पायजे. अडत्यांची संघटना कोर्टात गेली, पार सुप्रीम कोर्टापर्यंत, अन् डिसेंबर २०२० मध्ये निकाल ८-० नं राज्याच्या बाजूनं लागला. ते राज्यही भात अन् कापूस पिकवणारं, म्हणजे आपलं भंडारा अन् यवतमाळ एकत्र केल्यासारखं. आपली सिस्टीम वेगळी आहे, तो कायदा जसाच्या तसा इकडं लागत नाही, पण "छोट्या राज्याच्या सभागृहात काय होते" म्हणणाऱ्याला सांगायला बरं पडते.

आता पुरावा. यात कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया जाते. एक साधी दोनशे पानी वही घ्या. बाहेरची चिठ्ठी आली की तारीख, कोणत्या दवाखान्याची, औषधाचं नाव, पेशंटनं किती रुपये दिले, उधार नेलं का न घेताच परत गेला, एवढंच लिहा. परत गेला हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो आमच्याकडं आधी नव्हता, नंतर पीएच्याच सांगण्यावरून टाकला. पेशंटचं नाव वहीत लिहू नका, चिठ्ठीची झेरॉक्स काढली तर नाव अन् गाव कागद लावून झाका, टीबी-एचआयव्हीच्या चिठ्ठीची तर झेरॉक्सही काढू नका, गाव छोटं असते, एका कागदावरून माणूस ओळखू येते. तीन महिने लिहा. पावसाळ्याचे तीन महिने असले तर अजून बरं, तेव्हा ताप-मलेरिया असते अन् साप-विंचूही निघते.

त्याच्याच जोडीला माहितीचा अधिकार टाका. महाराष्ट्रात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येते, एका अर्जात एकच विषय अन् १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. पीएचसीबद्दल विचारायचं तर जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला, ग्रामीण रुग्णालयाबद्दल असलं तर जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयाला. यात लोक दरवेळी चुकतात अन् अर्ज इकडून तिकडं फिरत राहते. "औषधं का नसतात" असं विचारू नका, "का" ला उत्तर भेटत नाही. अमुक पीएचसीत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मेटफॉर्मिन (शुगरची गोळी), अम्लोडिपिन (बीपीची गोळी) अन् सर्पदंशाच्या लसीचा दर महिन्याच्या पहिल्या तारखेचा शिल्लक साठा द्या, असं विचारा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपये. दुसरं अपील माहिती आयोगाकडं, त्याची खंडपीठं नागपूर अन् अमरावतीलाही आहेत, म्हणजे मुंबई गाठा लागत नाही. तुमच्या वहीतला महिना अन् त्यांच्या उत्तरातला शून्य साठा जुळला की तो कागद सोन्याचा.

ग्रामसभेचा ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना माहीत आहेत, पण विषय अजेंड्यावर आधी टाकून घ्या, ऐन वेळी "माननीय अध्यक्षांच्या परवानगीनं" मध्ये ढकलला तर कोणी मनावर घेत नाही. कोरम म्हणजे १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. बायांना आवर्जून बोलवा, घरातल्या म्हाताऱ्यांची गोळी कधी संपते ते त्यांनाच ठाऊक असते. आमच्या ग्रामसभेत मी बोललो तेव्हा लोक मोबाइल पाहत होते, एक बचत गटाची ताई उठून म्हणाली की मागच्या महिन्यात सासऱ्याच्या गोळीसाठी मी मजुरीचे दोन दिवस बुडवले, तेव्हा सभा शांत झाली. सूचक त्या ताईच झाल्या. सूचक-अनुमोदक मेडिकलवाला नको, सरपंचाचा भाऊही नको. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या, नंतर ग्रामसेवकाची बदली होते अन् रजिस्टर सापडत नाही. आजूबाजूच्या पाच-सात गावांचे ठराव झाले तर एका गावाचं रडगाणं असा विषय राहत नाही.

मधात एक कडू बोलतो. आपलं घर आधी झाडा. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्यानं घेऊन दुकान चालवायचं, बिल द्यायचं नाही, एच-१ चं रजिस्टर वर्षातून एकदा एका बैठकीत भरायचं, अन् मग सरकारला म्हणायचं आम्ही गावाचे आरोग्यरक्षक, हे चालत नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या परासिया भागात विषारी कफ सिरपनं लेकरं गेली, त्यातली कितीतरी उपचाराला आपल्या नागपूरलाच आणली होती. अशा वेळी कोणत्या बॅचची बाटली कोणाच्या घरी गेली हे बिलावरूनच सांगता येते. बिलच नसलं तर काय सांगणार. निवेदन द्यायला पाच मेडिकलवाले जाणार असाल तर पाचही जण स्वच्छ असले पायजे, साहेबाच्या बाजूला बसलेला कार्यकर्ता एकाची तरी भानगड जाणतच असते.

आता कागद. अर्धं पान, जास्तीत जास्त एक, मराठीत, मोठ्या अक्षरात. आमचा साधारण असा होता:

"विषय: सरकारी दवाखान्यात औषध उपलब्ध नसल्यास रुग्णास गावातील परवानाधारक मेडिकलमधून मोफत औषध मिळण्याबाबत व त्याचे देयक मुदतीत, विलंब झाल्यास व्याजासह, अदा करण्याची कायद्यात तरतूद करणेबाबत. महोदय, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून तीन महिन्यांत बाहेरच्या एवढ्या चिठ्ठ्या आल्या, त्यातले एवढे रुग्ण औषध न घेता परतले. माहिती अधिकारातील उत्तरानुसार याच काळात पुढील औषधांचा साठा शून्य होता. एवढ्या ग्रामसभांचे ठराव सोबत जोडले आहेत. आपण येत्या अधिवेशनात हा विषय तारांकित प्रश्नाद्वारे मांडावा, ही विनंती."

आकडे तुमच्या वहीतले टाका, माझे उचलू नका. "मांडावा" च्या जागी "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहू नका, त्याचा अर्थ काहीच करू नका असाच होते. प्रत कोणाला द्यायची यातही गोम आहे. दवाखान्यातला साठा हा सार्वजनिक आरोग्य विभागाचा विषय, पण एफडीए येते वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाखाली. इन्स्पेक्टरच्या रिकाम्या जागांचं पत्र आरोग्यमंत्र्याला लिहिलं तर ते नुसतं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कुठूनही उठू नका.

साहेबांना गाठायची वेळ पाहा. लग्नाच्या मांडवात, तेरवीत, उद्घाटनात कागद देऊ नका, तो कुडत्याच्या खिशातून सरळ धुण्यात जाते. नागपूरचं हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारामुळं आपल्या दारात येते, पण ते किती दिवस, २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर, आठवडाभर बस. अन् प्रश्न तर अधिवेशन सुरू व्हायच्या कितीतरी आधी सादर करा लागते, म्हणून दसरा-दिवाळीच्या मधात कागद पीएच्या हातात पायजे. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा काढून टेकडी रोडवर बसायला माझी ना नाही, मीही एकदा बसलो, थंडीत संत्री खाल्ली, पेपरात बातमी आली, पण त्या दिवशी तिथं आमच्यासारखे आणखी बरेच मोर्चे होते अन् निवेदन घ्यायला जे आले त्यांना आम्ही कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. मोर्चाच्या आधी प्रश्न लागलेला असला तर मोर्चाला अर्थ आहे.

साहेबांकडून काय मागायचं हे शब्दासकट सांगा. तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्या लागते अन् पुरवणी प्रश्न विचारता येते, अतारांकितचं उत्तर लेखी येते. तातडीचं असलं, समजा सर्पदंशाची लस संपली अन् माणूस दगावला, तर लक्षवेधी सूचना. थेट कायद्याचा मसुदा मांडायचा तर अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्र्यानं नाही, आमदारानं मांडलेलं, ते पास होणं मुश्किल, पण मांडलं गेलं की विषय नोंदीवर येते. विनंती अर्ज समितीकडंही जाता येते, अर्ज आमदाराच्या मार्फतच सभागृहात येते. प्रश्न आम्हीच सभागृहाच्या भाषेत लिहून दिला, "अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात अमुक कालावधीत औषधांचा साठा शून्य होता, हे खरे आहे काय, असल्यास, त्याची कारणे काय आहेत", पीए खुश, कारण त्याचं काम वाचलं.

विधान परिषद विसरू नका. नागपूर अन् अमरावती विभागाला पदवीधर मतदारसंघाचा एकेक आमदार आहे, अन् बी. फार्म. झालेली पोरं पदवीधरच आहेत, पण यादीत नाव नोंदवायची वेळ आली की सगळे झोपलेले. पदवी घेऊन तीन वर्षं झाली की नाव टाका. आपल्या तालुक्यातल्या फार्मासिस्टची दोनशे नावं त्या यादीत आहेत असं म्हणता आलं की तो आमदार फोन स्वतः उचलते.

अन् समजा बिल आलंच, तर गाडी सुटली समजू नका. मोठं बिल दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं जाऊ शकते अन् समिती लोकांकडून सूचना मागवते. विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी अशा १२ हजारांवर सूचना आल्या होत्या. सूचना पाठवताना भाषण नको, कलम नंबर टाका, त्यातला कोणता शब्द बदलून कोणता टाकायचा ते लिहा अन् खाली एका ओळीत कारण. "वाजवी कालावधीत" असा शब्द दिसला की तिथं दिवसांचा आकडा मागा, कायद्यातला वाजवी कालावधी म्हणजे माझं ते दीड वर्षाचं बिल. कायदा झाल्यावर नियम वेगळे निघतात, मसुद्यावर हरकती मागवल्या तर तेव्हा परत तीच कसरत.

आमचा तारांकित प्रश्न यादीत खाली लागला, सभागृहात त्याचा नंबरच आला नाही, उत्तर मात्र छापून आलं. सरकारनं कबूल केलं, "अंशतः खरे आहे". पुढं कारणांपुढं "प्रश्न उद्भवत नाही". साहेब म्हणाले, बजेट अधिवेशनात अर्धा तास चर्चा मागू, तोवर कागद गोळा करा. मंत्र्यानं सभागृहात "करू" म्हटलं असतं तर मंत्र्यांचे शब्द पाळले का ते पाहणाऱ्या आश्वासन समितीकडं ते धरता आलं असतं, इथं "करू" नव्हतं म्हणून तो रस्ता बंद. मग मी परत १० रुपयांचं तिकीट लावलं अन् विचारलं की यातला कोणता अंश खरा आहे, त्याच्या टिपणीची प्रत द्या. आज अठरावा दिवस आहे.